तुझ्या यादीत नसलेला डबा

विनायक,

दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. तेराव्याला येईल त्याला वासंतीताई कौतुकाने सांगत होत्या, "भाऊ अगदी समाधानाने गेला हो, त्याचं काही म्हणजे काही राहिलं नव्हतं." मी पानावर बसून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तुझ्या सख्ख्या बहिणीला तू कळला नाहीस. बावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्या फटक्यात तू काही पास केलंस, असं मला तरी आठवत नाही. माझा चहा नाही, सईची चित्रं नाहीत, डॉक्टरांचं निदानसुद्धा नाही. भाताचा गोळा तेवढा बरा पास झाला.

त्याच पंगतीत शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" आपल्या घटस्फोटाला नऊ वर्षं झाली. बायको म्हणायची सोय नाही, आणि कोणी नाही म्हणावं तर वाढपी माझ्या पानात दुसऱ्यांदा जिलबी वाढत होता. "सईची आई," म्हणाले. त्या बाई "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि जेवण होईपर्यंत माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत राहिल्या. तुला ते दृश्य फार आवडलं असतं.

तेव्हा हे कोणत्या नात्याने लिहिते आहे ते विचारू नकोस. तुझ्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ निघाले. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर तू चार दिवसांत देवमाणूस झालास. "एवढी अक्कल असती तर इथे कशाला आला असता," असं तू ज्यांना तोंडावर ऐकवलंस, तेच हात जोडलेली चित्रं टाकत होते. मेल्यावर माणूस गोड होतो म्हणतात. मी तुला कडूच ठेवणार आहे, कारण मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि गोड माणसाशी भांडता येत नाही.

नारायण पेठेतलं तुझं ते जिन्याखालचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. बाहेर पाटी कधी लावली नाहीस. तू समोर बसलेला असताना पाटीची गरज नव्हती. कोणी "स्वस्तात एक कॉम्प्युटर जोडून द्या" म्हणत आला की तू त्याला आधी प्रोसेसर विचारायचा नाहीस, मेमरी विचारायचा नाहीस. एसएमपीएस कुठला घेणार, हे विचारायचास. तो म्हणायचा, "कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय की." मग तू हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचास आणि त्याचा दिवस खराब करायचास.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या प्रत्येक भागाला सोसेल एवढीच वाटून देणारा पत्र्याचा डबा. कोणाला दिसत नाही, कोणी त्याचं कौतुक करत नाही, आणि तो बिघडला की बाकीच्यांना घेऊन जातो. आपल्या घरात त्या जागेवर मी आहे, असं एकदा मी तुला भांडणात म्हणाले होते. तू शांतपणे म्हणालास, "त्याचा पंखा एवढा आवाज करत नाही." सई तेव्हा आठ वर्षांची होती. ती हसली. मला तुझा राग आला त्यापेक्षा ती हसली याचा जास्त आला, आणि तो राग मी पुढे बरीच वर्षं तुझ्याच खात्यावर टाकत गेले.

खडकीतलं आपलं पहिलं बिऱ्हाड आठवतंय का तुला? तुझे वडील कारखान्यातून रिटायर होऊन क्वार्टर सोडून गेले होते आणि आपण स्टेशनमागे एका खोलीत राहत होतो. तू मला कॉम्प्युटर जोडून दिलास, पण कॅबिनेट घेतलं नाहीस. "पेटी म्हणजे नुसता थाट," म्हणालास. सगळे भाग प्लायवूडच्या फळीवर उघडे पसरलेले. मी त्यावर क्लासच्या नोट्स टाइप करायचे, आणि पंख्यात ओढणी जाऊ नये म्हणून ती कमरेला खोचून बसायचे. एकदा गेलीच. अर्धी ओढणी कुरतडून पंखा बंद पडला. तू धावत आलास आणि आधी पंखा तपासलास.

मग लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तू मला पत्र्याचं कॅबिनेट आणलंस. खाकी कागदात गुंडाळलेलं, सायकलच्या कॅरियरवर बांधून. माझ्या मैत्रिणींना कानातलं मिळालं, कोणाला साडी मिळाली. मला करड्या रंगाची पेटी. आतल्या प्रत्येक कडेवरून तू कानस फिरवली होतीस, माझा हात कापू नये म्हणून. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. आज सांगते, एवढं जपून मला पुन्हा कोणी काही दिलं नाही. हे मी तू जिवंत असताना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "कानस जुनी होती, दोन कडा राहिल्याच."

सई आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला गेली आणि तिचा लॅपटॉप इमारतींची चित्रं काढताना धापा टाकायला लागला, तेव्हा तू डायलिसिसवर होतास. आठवड्यातून तीन दिवस. शनिवारी ती तुला भेटायला यायची, तेव्हा मी तिला वर पाठवायचे आणि स्वतः हॉस्पिटलच्या खाली थांबायचे. पण कॉम्प्युटरचं निघालं आणि तू सईला सांगितलंस, "तिला वर पाठव. यादी द्यायची आहे." तिला म्हणजे मला.

मी वर आले तर तू कॉटवर, हाताला नळ्या, आणि सिस्टरला विचारत होतास, "या यंत्राच्या मागचा पंखा कोणी पुसतं का हो कधी?" ती बिचारी घाबरून मागे बघायला गेली. मग तू तपासणीच्या कागदाच्या पाठीमागे लिहिलेली यादी माझ्या हातात दिलीस. अक्षर कापरं झालं होतं. प्रोसेसर साधा, मेमरी बेताची, ग्राफिक्स कार्ड तुझ्या दुकानातलं जुनं. आणि त्या सगळ्या काटकसरीच्या मधोमध एक एसएमपीएस, चांगल्यातला. कॅबिनेट पत्र्याचं, पुढे जाळी असलेलं, हवा खेळती राहील असं.

"सईला काचेचं आवडलंय," मी म्हणाले. "सलीमभाईंकडे आहे. पुढून, बाजूने काच, आत दिवे. सोबत एसएमपीएससुद्धा येतो."

"वरून कीर्तन, आतून तमाशा."

"साडेचारशे वॉट लिहिलंय त्यावर. हिच्या सगळ्या सामानाला मिळून अडीचशेच्या वर लागत नाहीत. मी हिशेब केला आहे."

"लिहिलंय कोणी?"

"कंपनीने."

"माझ्या आधार कार्डावर तो फोटो माझाच आहे असंही लिहिलंय. लेबलचा फोटो आणला आहेस ना? खालचा कोपरा वाच. बारा व्होल्टला किती अँपिअर?"

"सोळा."

"बारा गुणिले सोळा, मास्तरीणबाई?"

मी कोथरूडला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. वीस वर्षं शिकवते आहे. तुझ्या लेखी ती सगळी पुस्तकातली वीज. "एकशे ब्याण्णव," मी म्हणाले.

"पोरीचं कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच बारा व्होल्टच्या पंगतीला बसतात. जोरात काम लागलं की दोघांना मिळून दोनशेच्या वर पाहिजे. उरलेले वॉट फक्त लेबलवर आहेत. नाव मोठं, लक्षण खोटं." मग तुला धाप लागली. थांबलास, आणि पुढे म्हणालास, "मी लिहिलाय त्याला दहा वर्षांची वॉरंटी आहे."

"आणि तुझी?" मी विचारलं.

तोंडातून गेलं खरं. पलीकडच्या कॉटवरच्या आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुझा गळा दाबला आहे. तू मात्र हसलास. नळ्या हलल्या, सिस्टर धावत आली, तरी हसत होतास. "माझं बिलच हरवलंय," म्हणालास. नऊ वर्षांत आपण दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो. त्या पाच मिनिटांसाठी मी तुझी ऋणी आहे. तसं आधी आणि नंतर काही झालं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी तुझी यादी घेऊन सलीमभाईंच्या दुकानात गेले.

आता जे लिहिते आहे ते नीट ऐक. यात गैरसमज नाही, घाई नाही, दुकानदाराने गळ्यात मारलं असंही नाही. सलीमभाई तुझे पंचवीस वर्षांचे दोस्त. तुझ्या दुकानाचं निम्मं सामान त्यांच्याकडूनच यायचं. त्यांनी यादी वाचली, तुझ्या कापऱ्या अक्षरावरून बोट फिरवलं, आणि यादीतला डबा काढून काउंटरवर ठेवला. मी म्हणाले, "हा नको. ते काचेचं कॅबिनेट द्या, सोबतच्या एसएमपीएससकट."

"भाभी, विनायकने वेगळं लिहिलंय."

"मी वाचलंय."

"मग हातात तर घेऊन बघा दोन्ही." त्यांनी काउंटरवरच्या खोक्याचं सील न फोडता शोकेसमधला तसाच एक माझ्या एका हातावर ठेवला आणि फुकटातला दुसऱ्या हातावर. एक विटेसारखा जड. दुसरा इतका हलका की आत काही घालायला विसरले असावेत. "आत तांबं नाही भाभी, नुसता पत्रा आहे. मी विकतो, कारण लोक मागतात. आपल्या मुलीला नाही देणार."

"सईला काच आवडली आहे," मी म्हणाले.

हे खोटं होतं. सई एकदा जाता जाता "भारी दिसतंय" म्हणाली होती, एवढंच. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. ते असं, की तुझी यादी खिशात घालून मी जिना उतरले तेव्हा मला एकदम दिसलं, तू जाणार. लवकर जाणार. आणि माझ्या घरात, पोरीच्या खोलीत, तिच्या सगळ्या कामाच्या मुळाशी दहा वर्षं तुझी निवड बसून राहणार. मी तिला अकरा वर्षांची असल्यापासून एकटीने वाढवली. डबे मी केले, ताप मी काढले, पालकसभांना मी गेले. आणि तू शेवटी पलंगावर पडून एक कागद लिहिणार आणि कायमचा बरोबर ठरणार. मला ते नको होतं. तुझं काहीही त्या घरात टिकायला नको होतं. बारा गुणिले सोळा मला येत होतं, विनायक. मी उत्तर माहीत असून चुकीचं लिहिलं.

निघताना मी काउंटरवरच्या त्या चांगल्या डब्याचा फोटो काढला. सलीमभाई बघत होते. संध्याकाळी तू विचारलंस, "घेतला का? लेबलचा फोटो पाठव," आणि मी तो पाठवला. तुझं उत्तर आलं, "छान."

"छान" वाचून मला भीती वाटायला हवी होती. माझ्या हातच्या पुरणपोळीला तू "खाण्यासारखी झाली आहे" म्हणायचास. पण मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी कुकर लावायला गेले.

कॉम्प्युटर आला. सोसायटीतल्या बायका बघून गेल्या. निळे, जांभळे दिवे, आतलं सगळं दिसतंय, कोणी म्हणालं फिशटँकसारखं आहे. दोन महिने चालला. मग सईच्या सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी, मोठं चित्र तयार होत असताना, फट्कन बंद. दिवे गेले, पंखे थांबले. पुन्हा चालू केला, पुन्हा अर्ध्या वाटेत बंद. पोरीची तीन दिवसांची मेहनत गेली. ती कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन बसली आणि जमेल तेवढं केलं. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालं ते. वर्गात एखाद्या पोराने एवढी सोपी चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आणि मी सईला काय म्हणाले, माहीत आहे? "तुझ्या बाबाला विचार. यादी त्याची होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली.

त्यानंतर बाराव्या दिवशी तू गेलास. स्मशानात मी मागे उभी होते. मी रडले नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "सुटला बिचारा." मला वाटलं, हा सुटतोय कसला, सुंभ जळेल पण पीळ राहील.

मग तेराव्याचं गोड जेवण. खडकीला, वासंतीताईंच्या हॉलमध्ये दोन पंगती. माझ्या समोरच्या ओळीत सलीमभाई. सई वाढायला मदत करत होती. बोलणं तुझ्या कामावर आलं. कोणी म्हणालं, "हात काय होता त्याचा! मेलेला कॉम्प्युटर उठवायचा." दुसऱ्याने री ओढली. वासंतीताईंच्या डोळ्यांत पाणी. "शेवटपर्यंत काम करत होता हो. आजारपणात सईसाठी यादी करून दिली."

आणि मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं. "हो ना," मी म्हणाले, "पण त्याच यादीतला एसएमपीएस बोगस निघाला. ऐन सबमिशनला बंद पडला. शेवटचं काम केलं पोरीचं, तेही धड झालं नाही."

कोणीतरी "आजारपणात होतं असं" म्हणालं. वासंतीताईंनी डोळे पुसले आणि मठ्ठ्याचं भांडं उचलून आत गेल्या. सलीमभाईंनी मान वर केली नाही, पुढ्यातला भात कालवत राहिले. सई जिलबीचं ताट हातात घेऊन माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं की ते बोलून मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. खोटं का सांगू?

खडकी ते कोथरूड ती स्कूटरवर मागे बसून आली, मला न धरता. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आई, लेबल मी वाचून दाखवलं होतं बाबाला. ज्या दिवशी कॉम्प्युटर आला त्याच दिवशी."

मी दाराची कडी लावत होते, तशीच वळले.

"त्याने फोन केला. म्हणाला, मागच्या बाजूला जा आणि काय लिहिलंय ते वाच. मी वाचलं. म्हणाला, बारा व्होल्टला किती? मी म्हणाले सोळा. म्हणाला, हा मी लिहिलेला नाही."

"मग मला का नाही बोलला?"

"मी म्हणाले होते, मी सांगू का आईला? तर म्हणाला, नको. तिला जळल्याशिवाय कळत नाही. जळू दे एकदा."

विनायक, मरणाच्या दारात उभा राहून तू माझी चूक पिकायला घातलीस. आंब्यासारखी, गवतात. एक फोन केला असतास तर पोरीचे तीन दिवस वाचले असते. पण मग तू नुसता बरोबर ठरला असतास. तुला मी तोंडावर आपटलेली हवी होते. असा माणूस होतास तू, आणि मी ग्रुपवरच्या त्या हात जोडणाऱ्यांना हे सांगू शकत नाही.

"मला म्हणाला, बाजूची काच काढून ठेवत जा, आत गरम झालं की तो डबा आणखी लवकर दम तोडेल," सई सांगत होती. "एका वेळी एकच मोठं काम लाव म्हणाला. मी काढून ठेवायचे. तू क्लासवरून आलीस की परत लावायचीस."

लावायचे मी. रोज. "एवढी चांगली काच, धूळ बसेल," म्हणून पोरीला रागवायचे सुद्धा. ती ऐकून घ्यायची. दोन महिने ती माझी चूक एका हाताने आणि तुझा हट्ट दुसऱ्या हाताने सांभाळत होती, आणि मी तिला विसराळू म्हणत होते.

"सबमिशनच्या वेळी का नाही बोललीस मग?" मी विचारलं.

"तू म्हणालीस ना, बाबाला विचार. मला बघायचं होतं, तू स्वतः कधी सांगतेस." मग तिचा आवाज फुटला. "तो असताना नाही सांगितलंस ते चालेल. पण आज, आई? त्याच्या तेराव्याला? त्याच्या नावाचं जेवताना?"

तेव्हा मी रडले. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते मला ठरवता आलं नाही. पण रडले, आणि पोरीने मला जवळ घेतलं नाही. तिने बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी सलीमभाईंच्या शटरसमोर उभी होते. त्यांनी मला बघितलं, काही न विचारता आत गेले आणि तो डबा घेऊन आले. खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सई.

"तुम्ही फोटो पाठवला त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, फोटोत तुझं काउंटर आहे आणि खोक्याचं सील जसंच्या तसं आहे. घेतला असता तर फोडून लेबल दाखवलं असतं. तो डबा फळीवर परत ठेवू नकोस, पोरीचं नाव घालून बाजूला ठेव. लागेल."

"तुम्ही काल पंगतीत बोलला का नाहीत, सलीमभाई?"

"भाभी, मी त्याच्या नावाने जेवायला आलो होतो. भांडायला नाही." मग म्हणाले, "अन् तो असता तर त्यानेही बोलू दिलं नसतं. म्हणाला असता, बोलू दे तिला, हिशेब आपोआप चुकता होतो."

डबा घेऊन घरी आले. सई कॉम्प्युटर उघडूनच बसली होती, काच बाजूला, हातात तुझा स्क्रूड्रायव्हर. मी डबा पुढे केला तर तिने घेतला नाही.

"आधी आत्याला फोन कर."

"अगं, करते मी नंतर."

"आधी. तू पंगतीत बोललीस. निदान तिला तरी कळू दे."

हुबेहूब तू. तसाच खालचा आवाज, नजर तशीच हातातल्या स्क्रूवर. मला वाटलं होतं तुझं काहीही या घरात टिकू द्यायचं नाही. वीस वर्षं माझ्या हातचं खाऊन ती तुझ्यासारखं बोलते आहे आणि मला पत्ता नव्हता.

मी फोन लावला. वासंतीताईंना सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. यादी बरोबर होती. मी दुसरा घेतला. मुद्दाम घेतला. त्याला खोटा फोटो पाठवला. काल सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं. तुमच्या भावाचं शेवटचं काम अगदी चोख होतं. त्यांच्या मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तेराव्याची मोठी पातेली असणार.

"ताई, तुम्ही सांगाल का सगळ्यांना?" मी विचारलं.

"आता कोणाला सांगू मेधा?" त्या म्हणाल्या. "सगळे जेवून गेले."

आणि फोन ठेवला. रागाने आपटला नाही, नुसता ठेवला. सईने ऐकलं होतं. तिने माझ्याकडे न बघता जुन्या डब्याचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, एकेक स्क्रू हातात धरायला.

त्या दोन पंगतींतल्या माणसांच्या मनात तू आता असाच राहणार, शेवटी हात चुकलेला. कोणाच्या घरी मी हे सांगत फिरू, आणि कोण कशाला ऐकेल? ज्यांना खोटं सांगितलं ते सगळे जेवून गेले, विनायक. खरं सांगायला तू एकटा उरलास, आणि तुला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.